चिमणपुऱ्यातलं बाणांचं टेबल: एका घरगुती वर्कबेंचचं प्रकरण

प्रकरण एका घराचं आणि बारा बाणांचं आहे. अकरावीतली मुलगी कंपाउंड धनुष्यावर, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं (कॅम) असलेल्या धनुष्यावर, तिरंदाजी खेळते, सराव साताऱ्यातच. ५० मीटरवर तिचे बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या भागात नीट जमत होते, पण बारापैकी दोन कायम फुटीर. त्यातला एक दर वेळी खाली बसे. दुसऱ्याचा काही नेम नव्हता. प्रशिक्षकांनी तिची उभं राहण्याची पद्धत पाहिली, खांदा पाहिला, धनुष्यावरची नेम धरायची साइट तपासली. मग त्यांनी बाणांवर नंबर घालायला लावले, तेव्हा कळलं की भरकटणारे बाण रोज तेच दोन आहेत. दोष हातात असता तर तो रोज वेगळ्या बाणांत दिसला असता. म्हणजे गडबड बाणांत होती, आणि बाण तयार होत होते घरी, जेवणाच्या टेबलावर.

माझा संबंध शेजारी म्हणून. नोकरी सगळी साताऱ्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये गेली, त्यामुळे पेठेत कुणाला काही बसवायचं, जुळवायचं असलं की निरोप येतो. मुलीचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते आले ते थेट मागणी घेऊनच: "काका, टेबल असं पाहिजे की त्याच्यावर इंजिन ठेवलं तरी हलता कामा नये."

साताऱ्यात हे वेड कुठून आलं ते सांगायला नकोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी कंपाउंडचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं. त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद ओजस देवतळेने घेतलं. तो मूळचा नागपूरचा, पण घडला साताऱ्यात, प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली. त्यानंतर इथल्या किती घरांत धनुष्य आलं त्याला मोजदाद नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय, त्यामुळे आईवडीलही आता हा छंद म्हणून बघत नाहीत. पैसे धनुष्यावर पडतात, ते ठीकच आहे. बाण जुळवायची जागा मात्र बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच असते.

वडिलांनी मोबाइलवर काही व्हिडिओ जमवले होते. सगळे अमेरिकेतले, घरच्या घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्या लोकांच्या वर्कबेंचचे. जाडजूड लाकडी टेबल, पुढच्या काठाला बोल्टने आवळलेला लोखंडी प्रेस, वर वजनकाटा, मागे फडताळ. तिकडे हा छंद आहे. झाडलेलं पितळी काडतूस प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायचं, नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवायचा, तोलून पावडर घालायची, वर गोळी बसवायची. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय आपल्या अंगणातला नाही. तरी ते व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिले. त्या मंडळींनी टेबलाचा विचार फार बारकाईने केलाय. वडिलांनी त्यातून लाकडाची जाडी उचलली होती. मला त्यातल्या दुसऱ्याच दोन गोष्टी कामाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट भोकांची लाकडी ठोकळी. काडतुसं भरणारा माणूस एक काडतूस घेऊन ते शेवटपर्यंत पुरं करून मग दुसरं घेतो असं नाही. पन्नास भोकांच्या ठोकळीत पन्नास काडतुसं तोंड वर करून उभी राहतात. सगळ्यांची एक पायरी पूर्ण झाली की मगच पुढची. पावडर घालून झाली की दिवा वर धरून प्रत्येकात डोकावून पाहायचं, एखादं रिकामं किंवा दुप्पट भरलेलं असलं तर लगेच नजरेत येतं. दुसरी गोष्ट म्हणजे टेबलावर एका वेळी एकच पावडर. दुसरा डबा बंद करून कपाटात गेल्याशिवाय पहिला उघडायचाच नाही. तिथे चूक झाली तर बंदूक हातात फुटते, म्हणून ही शिस्त. बाणात एवढा धोका नाही, पण घोटाळा होण्याची तऱ्हा अगदी हीच.

आणि एक गंमत: दोन्हीकडे वजनाचं माप एकच, ग्रेन. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात.

जेवणाच्या टेबलावर काय चालायचं ते मी एका संध्याकाळी बसून पाहिलं. मुलगी बाणाची जुनी पिसं काढत होती. पिसं म्हणजे प्लॅस्टिकचे व्हेन, पण सगळे पिसंच म्हणतात. चार बाण झाले, तेवढ्यात ताटं मांडायची वेळ झाली. सगळं गोळा करून एका चपलांच्या खोक्यात. जेवणानंतर पुन्हा मांडलं तेव्हा कुठला बाण पुसून झाला आणि कुठला नाही, हे तिने अंदाजाने ठरवलं. टोकांची दोन पाकिटं त्याच खोक्यात, दोन्ही उघडी. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "मला काय वाटतं सांगू? हिला टेबल नकोय, हिला उठवू नका म्हणजे झालं." सबंध प्रकरणाचं निदान त्या एका वाक्यात आलं होतं. वडिलांना ते टेबल झाल्यावर पटलं.

मी आधी लाकूड बघायला गेलो नाही. मुलीला एका वहीत कामाचा क्रम लिहायला सांगितला. शाफ्ट (बाणाची नळी) निवडणं, कापणं, तोंड सरळ करणं, आतून-बाहेरून पुसणं, टोक बसवणं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) बसवणं, पिसं चिकटवणं, तोलणं, नंबर घालणं. धनुष्याची कामं वेगळी: दोरीला मेण लावणं, सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) उसवली तर पुन्हा गुंडाळणं, डी-लूप (दोरी ओढायचा छोटा फास) बांधणं, साइटची पातळी बघणं, आणि धनुष्य दाबणाऱ्या प्रेसमध्ये घालून दोरी सैल करणं.

यादी समोर आल्यावर पहिलं काम घराबाहेर गेलं. कार्बनचा शाफ्ट कापताना जी काळी भुकटी उडते ती फुप्फुसाला वाईट, अंगाला लागली तर खाज सुटते, आणि वीजवाहक असल्यामुळे वजनकाट्यात किंवा चार्जरमध्ये शिरली तर तिथेही घोळ. करवतीने किंवा नळ कापायच्या कटरने शाफ्ट कापायचा नाही, त्याचे तंतू उकलतात. पातळ अपघर्षक चाक जोरात फिरतं ठेवून शाफ्ट त्यावर हळूहळू गोल फिरवत कापावा लागतो. हे काम परसात, तोंडाला मास्क लावून, ओलं फडकं हाताशी ठेवून. आईची अट होती की भुकटी उंबऱ्याच्या आत येता कामा नये. ती अट मी टेबलाच्या आराखड्यात पहिली लिहिली.

उरलेली कामं डावीकडून उजवीकडे मांडली. डाव्या टोकाला पुसणं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. उजव्या टोकाला टोकं बसवणं, म्हणजे स्पिरिटचा दिवा आणि हॉटमेल्टची (तापवल्यावर वितळणाऱ्या डिंकाची) कांडी. मध्ये जवळपास पाच फुटांचं अंतर. ज्वालाग्राही बाटली आणि उघडी ज्योत एका हाताच्या अंतरात आणायची नाही, एवढ्या एका कारणासाठी टेबलाची लांबी चारऐवजी पाच फूट ठरली. टोक बसवताना तापवायचं ते धातूचं टोक, शाफ्ट नव्हे. कार्बनमधलं रेझिन उष्णतेने खराब होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. टोक पकडीत धरून गरम करायचं, त्यावर कांडी घासायची, फिरवत आत सारायचं, बाहेर आलेला डिंक पुसून टाकायचा.

मधल्या भागात पिसं सारख्या कोनात बसवायचा जिग आणि वजनकाटा.

आता जोराचं बोलू, कारण वडिलांशी माझी खरी हुज्जत इथे झाली. त्यांचं म्हणणं असं, की कंपाउंड धनुष्याचे लिंब (वाकणाऱ्या दोन पट्ट्या) दाबायचे म्हणजे शेकडो पौंडांचा ताण, तर टेबल तितकंच दणकट हवं. वरवर पाहता बरोबर वाटतं. पण लिंबांच्या टोकांना दोन बाजूंनी धरणारा जो प्रेस असतो, त्यात तो ताण प्रेसच्याच दांड्यात जातो. एक हात इकडून रेटतो, दुसरा तिकडून, आणि मधला दांडा दोघांना तोलून धरतो. टेबलाला त्यातलं काहीच कळत नाही. टेबलावर येतं प्रेसचं नुसतं वजन, आणि हँडल फिरवताना आपल्या हाताचा हिसका. काडतुसांच्या प्रेसमध्येही तसंच: पितळ दाबणारा जोर प्रेसच्या चौकटीतच फिरतो, टेबलाला लागतो तो हँडल खाली ओढणाऱ्या माणसाचा जोर.

तो किती, ते कागदावर काढून दाखवलं. समजा काठावरच्या हँडलवर २० किलोचा जोर पडला आणि हँडल पुढच्या पायांच्या २० सेंटीमीटर पुढे आलं. उलटवणारा घूर्ण, म्हणजे जोर गुणिले अंतर (मीटरमध्ये), ४. टेबल ६० किलोचं आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या २५ सेंटीमीटर मागे, तर धरून ठेवणारा घूर्ण १५. म्हणजे टेबल उलटण्याची भीती नाहीच. घरगुती टेबल उलटत नाही, ते डुलतं. पाय जाड असून उपयोग नाही, पाय आणि वरची फळी यांचा काटकोन हलला की सगळं हललं. डुलणं थांबवायला जाडी नको, तिरपा आधार लागतो किंवा मागची बाजू एका सबंध फळीने बंद करावी लागते. मागच्या दोन पायांना बारा मिलिमीटरचं प्लायवूड ठोकलं तर त्या दिशेने टेबल जवळपास गोठतं.

"मग ते लोक भिंतीला का बांधतात?" वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. भिंत म्हणजे फुकटचा तिरपा आधार. पण हे घर जुन्या वाड्याच्या वाटणीतलं. मागच्या पडवीची भिंत भाजक्या विटांची खरी, पण मातीत बांधलेली आणि वरून चुन्याचा गिलावा. तिथे अँकर बोल्ट मारला की भोकातून लाल माती गळते आणि बोल्ट बोटाने फिरतो. अशा भिंतीवर भरवसा ठेवण्यापेक्षा टेबल स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं बरं. शिवाय पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. टेबल भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवलं, म्हणजे मागून हवाही खेळते आणि वाळवी आलीच तर दिसते.

लाकूड घरातच सापडलं. वाड्याचा पुढचा भाग उतरवला तेव्हाच्या दोन सागवानी तुळया माळ्यावर पडून होत्या. असल्या लाकडाला वखारीतल्या नव्या सागाची सर येत नाही. कित्येक वर्षं मुरलेलं, आता ते ना वाकणार ना चिरणार. अडचण एकच, आतले खिळे. सॉ मिलवाले जुनी तुळई पाहिली की आधी हात वर करतात, एका खिळ्यात त्यांचं पातं जातं. वडिलांनी स्पीकरमधलं मोठं चुंबक दोरीला बांधून तुळईवरून इंच इंच फिरवलं. जिथे ओढ लागली तिथे खडूने खूण, मग पटाशीने उकरून खिळा बाहेर. एसटीच्या मेकॅनिकला असल्या कामाचा कंटाळा येत नाही. मिलमधल्या माणसाने स्वतः चुंबक फिरवून खात्री केली, तेव्हाच तुळई पात्यावर घेतली.

चार पाय, आडव्या पट्ट्या, कुसू आणि खाच, सांध्यात फेव्हिकॉल. तरी वरच्या चौकटीला मी नट-बोल्ट घालायला लावले. सुताराला ते आवडलं नाही, बोल्ट म्हणजे त्याच्या कुसवावर अविश्वास. पण पडवीचा दरवाजा अडीच फुटांचा, आणि पुढेमागे हे टेबल बाहेर काढायची वेळ येणारच. वरची फळी १९ मिलिमीटरच्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायची, दोन थर एकावर एक, स्क्रू खालून. वर पांढरट मॅट सनमायका, कारण काळा शाफ्ट आणि बारीक नॉक गडद लाकडावर हरवतात. पुढचा काठ तीन इंच बाहेर काढला, म्हणजे शिकंजे लावता येतात. मागे आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच उंच सागाची पट्टी, बाण गडगडून खाली जाऊ नयेत म्हणून.

टेबलाचं वजन अजून थोडं कमी पडत होतं. खालच्या फळीवर काही जड ठेवायचं ठरलं. वडील डेपोतल्या जुन्या ब्रेक ड्रमचा विचार करत होते. आजीने परसातलं जातं दाखवलं, दोन्ही तळ्या. त्यावर आता दळण होत नाही, पण टाकवत नाही म्हणून पडून होतं. ते खालच्या फळीवर मधोमध बसवलं. टेबल जमिनीला चिकटून बसलं, आणि जातंही ओलीतून आत आलं.

उंचीवरून थोडी ओढाताण झाली. बारीक काम कोपराच्या थोडं वर असलं तर मान वाकत नाही. जोराचं काम कोपराच्या बरंच खाली लागतं. एकाच टेबलावर दोन्ही कसं बसणार? टेबल ९० सेंटीमीटर ठेवलं, उभं राहून प्रेस आणि धनुष्याच्या शिकंज्यासाठी. पिसं चिकटवायला उंच स्टुलावर बसायचं आणि जिग ठेवायला टेबलावर पूजेचा जुना चौरंग, पाय कापून दहा सेंटीमीटरचा केलेला. दोन टेबलं करण्यापेक्षा हे स्वस्तात पडलं. काम नसलं की चौरंग खाली जात्यावर.

प्रेस मात्र घरी वेल्डिंग करून बनवायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. वडिलांचा हात चांगला आहे, चौकोनी पाइप आणि आट्यांचा दांडा घेऊन त्यांनी दिवसभरात बनवला असता. पण लिंबाचं टोक धरणारी बोटं त्या त्या धनुष्याच्या लिंबाशी जुळावी लागतात. ती निसटली तर धनुष्य तर जातंच, समोरच्याचा चेहराही वाचत नाही. खेळ सोडलेल्या एका खेळाडूकडून वापरलेला प्रेस मिळाला. तो आणल्यावरही पहिल्यांदा धनुष्य त्यात घातलं ते प्रशिक्षक समोर असतानाच.

आता माझ्या आवडीचा भाग. टूलरूमच्या माणसाला मोजमापाशिवाय टेबल पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

बाणाच्या शाफ्टचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, मोजायची पद्धत ठरलेली आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवायचा, मध्यभागी १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं, आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजारांशात वाचायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका बाण लवचिक. बाजारात यासाठी तयार यंत्र मिळतं. पण ज्याच्या घरी व्ही-ब्लॉकची (खाचेच्या टेकूंची) जोडी आणि बारीक सरक मोजणारा डायल गेज पडून आहे, त्याने ते का विकत घ्यावं?

अडचण अशी की मुलीचे बाण कापलेले, जेमतेम २७ इंच. २८ इंचांच्या टेकूंवर ते बसणारच नाहीत. म्हणून टेकू २२ इंचांवर लावले. वाक हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २८ ऐवजी २२ घेतले की तो निम्म्याहून थोडा कमी होतो. ५०० स्पाइनचा शाफ्ट २८ इंचांवर १२.७ मिलिमीटर वाकेल, तोच २२ वर सहाच्या आसपास. हे उलट सोयीचंच झालं, कारण माझा डायल गेज दहा मिलिमीटरचा आहे. छापील स्पाइनशी ताडून पाहायचा मोह वडिलांना होत होता. मी म्हटलं, तो आकडा कंपनीला लागतो, आपल्याला बारा बाणांतला फरक लागतो. एक चांगला बाण ठेवून गेज शून्यावर आणायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडायचे. गेजची स्प्रिंग थोडा जोर लावते, तो सगळ्यांना सारखाच लागतो, म्हणून सोडून द्यायचा.

आणि बाण नुसता ठेवून वाचायचा नाही, टेकूंवर हळूहळू गोल फिरवत वाचायचा. कार्बनचा शाफ्ट गुंडाळून बनतो, त्यामुळे एका बाजूला तो किंचित जास्त ताठ असतो. ती बाजू सापडली की तिथे खूण करायची आणि सगळ्या बाणांची पिसं त्या खुणेशी सारख्याच कोनात बसवायची.

वजनासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, म्हणजे ग्रेनच्या सहाव्या हिश्शाइतका बारीक. पंखा चालू असला की आकडा नाचतो. काट्यावर मोठ्या पारदर्शक डब्याचं झाकण उपडं घालायचं, तरी पंखा बंद केलेला बरा.

टेबल उभं राहिल्यावर त्यावर पहिलं काम झालं ते या बारा बाणांच्या तपासणीचं. ठोकळी मी आधीच करून ठेवली होती, आंब्याच्या लाकडाची, बारा भोकांची. बाण त्यात उभे, नंबर समोर.

खाली बसणारा बाण तोलला तेव्हा तो बाकीच्यांपेक्षा जवळजवळ बरोबर दहा ग्रेन जड भरला. कारण लगेच लक्षात आलं. या टोकांचा मागचा भाग तोडता येतो, प्रत्येक तुकडा दहा ग्रेनचा. म्हणजे हव्या त्या वजनावर थांबता येतं. त्या एका बाणाला न तोडलेलं टोक लागलं होतं, चपलांच्या खोक्यातल्या दुसऱ्या पाकिटातलं. दहा ग्रेनने एवढा फरक पडतो का? हिशेब करून पाहू. बाण सगळा मिळून साडेतीनशे ग्रेनच्या घरात. त्यात दहा वाढले की वेग एक-सव्वा टक्क्याने उतरतो. ५० मीटर जायला बाणाला साधारण दोन तृतीयांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो दोन मीटरच्या आसपास खाली येतो. वेग जरा कमी म्हणजे हवेतला वेळ जरा जास्त, आणि पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं. ढोबळ हिशेबाने चार-पाच सेंटीमीटर. ५० मीटरच्या ८० सेंटीमीटरी लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचं आणि त्याबाहेरची प्रत्येक कडी चार सेंटीमीटरची. म्हणजे अगदी मध्यात जाणारा बाण नवात गेला, आणि दहाच्या खालच्या काठावरचा आठात.

दुसरा बाण वजनाला चोख होता. डायल गेजवर फिरवताना एका जागी काटा एकदम सरकला, बाकीच्यांत असा झटका कुठेच नव्हता. डोळ्यांना काही दिसेना. कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवला तेव्हा टोकाच्या वर चार बोटांवर तो अडकला. दोन्ही टोकं धरून, तोंडापासून लांब, किंचित वाकवून ऐकलं तर आतून कुरकुर आली. चीर होती, बहुधा लक्ष्यात आधीच रुतलेल्या बाणावर आपटून पडलेली. हा बाण चुकीच्या जागी लागत होता, याला मी किरकोळ म्हणेन. चीर गेलेला कार्बनचा शाफ्ट सोडताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तो तिथल्या तिथे दोन तुकडे करून टाकला, कुणी चुकून पुन्हा भात्यात ठेवू नये म्हणून. मुलीला तेवढं जिवावर आलं. त्या बाणाने ती एका स्पर्धेत खेळली होती.

उरलेले दहा बाण एकमेकांच्या दीड ग्रेनच्या आत होते.

इथे कुणीही विचारेल, आणि वडिलांनीही विचारलंच: मग नुसता काटा आणि कापसाचा बोळा आणला असता तर भागलं असतं की! एवढं सागवान कशाला? पहिला दोष काट्याने सापडला असता हे खरं. पण तो दोष तयार झाला होता टोकांची दोन पाकिटं एकाच वेळी उघडी असल्यामुळे आणि काम मध्येच उचलावं लागल्यामुळे. काटा आणून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला असता तर पुढच्या वेळी दुसरा घोटाळा झाला असता, आणि तो वजनात दिसलाच असता असं नाही. आता ठोकळीत आठ बाण पुसलेले आणि चार तसेच असले, आणि मुलगी अभ्यासाला उठून गेली, तरी दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी असतं. टोकांचं एकच पाकीट टेबलावर, दुसरं ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला वडिलांनी कुलूप लावलंय, जरा अतिच, पण असू दे.

स्पर्धेचा नियमही या शिस्तीला धरूनच आहे. एका फेरीतले सगळे बाण दिसायला सारखे हवेत, पिसांचा आणि नॉकचा रंग एक, आणि प्रत्येक शाफ्टवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं. नावाची बारीक पट्टी टेबलावरच छापून चिकटवली जाते, नंबरही त्याच पट्टीवर.

पावसाळ्याने एक नवा धडा काढला. पिसं ज्या झटपट डिंकाने चिकटवतात तो सायनोअॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. जुलैत साताऱ्याची हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, कपडे आठवडाभर दोरीवर. डिंक पीस नीट टेकायच्या आत पकडायला लागला आणि कडेने पांढरी बुरशीसारखी भुकटी धरू लागला. ती बुरशी नसते, डिंकाची वाफ बाजूला बसून घट्ट झालेली असते. उपाय साधे केले. डिंकाचा थेंब कमी, पीस टेकवायला उशीर नाही, आणि पडवीतल्या बंद खिडकीपेक्षा थोडी वाहती हवा. डिंकाची बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. भर पावसात चार दिवस काम लांबवता येत असेल तर लांबवायचं, हे सगळ्यात बरं. मुलीने पंचांगाशेजारी वहीचं पान टांगलंय, सगळ्या बाणांची पिसं मेअखेर बदलून घ्यायची म्हणून.

उजेडही पावसात कमी पडला. खिडकी उत्तरेची, एरवी छान, पण आभाळ भरलं की नॉकची चीर दिसेना. डावी-उजवीकडे एकेक एलईडी बॅटन लावली, एकाची सावली दुसरी खाते. विजेचा बोर्ड टेबलाच्या वर, खाली नाही.

खर्चाचं बोलायचं तर प्रेस सोडून सगळं दहा-बारा हजारांत आलं, कारण साग घरचा आणि गेज माझं. विकतचं लाकूड घेतलं असतं तर मी सागाकडे गेलोच नसतो. चौरस लोखंडी पाइपच्या पायांवर तीच प्लायची फळी, मागे तेच प्लायवूड आणि खाली दोन शहाबादी फरश्या ठेवल्या तर टेबल तितकंच स्थिर राहतं. भाड्याच्या घरात तर मी तेच सांगेन.

गुणांचं विचाराल तर दोन फुटीर गेले, गट आवळला. आता जे बाण बाहेर जातात त्यांचे नंबर रोज वेगळे असतात, म्हणजे ते प्रशिक्षकांच्या खात्यात. प्रशिक्षकांनी दुसऱ्या दोन मुलांना त्यांचे बाण घेऊन इकडे धाडलं. आईने त्यांना पडवीच्या मागच्या दाराने यायला सांगितलंय.

ड्रॉ बोर्ड तेवढा उरलाय. धनुष्य त्यावर अडकवून विंचने हळूहळू ओढायचं आणि वरचा-खालचा कॅम एकाच वेळी थांब्याला टेकतात का ते पाहायचं. ५० पौंडांचं धनुष्य म्हणजे साधारण तेवीस किलोची ओढ, पण इथेही ती एकाच फळीच्या दोन टोकांत राहते, भिंतीला काही द्यावं लागत नाही. फळीपुरता साग शिल्लक आहे. ती दारामागे उभी राहील, वापरताना टेबलावर आडवी आवळायची. वडील डेपोच्या भंगारातली विंच आणायला निघाले होते. तिचे दाते घासलेले असतात, अर्ध्या ओढीत सुटली तर धनुष्य रिकामं सुटतं आणि लिंब तडकतात. हँडल सोडलं तरी जागेवर थांबणारी, ब्रेकची नवीन हातविंच घ्यायला सांगितली आहे.